बंद असणं आणि बंद केलेलं असणं : यंत्राच्या शक्तिस्थितीचा इतिहास

पुढच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत, मागचे चार जण पुढे या. पंखा इकडेच आहे.

आजचा विषय वाचून दोघातिघांचे मला फोन आले. सर, तुम्ही आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलं, आता हे संगणकाचं कामून काढलं? प्रश्न रास्त आहे. मी संगणकाचा माणूस नाही. माझा प्रबंध अभाव या पदार्थावर होता, म्हणजे ‘नसणं’ कसं कळतं, यावर. गेल्या वर्षी पुण्याहून एसटीनं येताना मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो पिशवीत ठेवला. अंबाजोगाईला उतरलो तेव्हा पिशवी तव्यासारखी तापलेली होती आणि बॅटरी संपलेली. नातीला विचारलं. ती पुण्यात याच क्षेत्रात काम करते. म्हणाली, “आजोबा, कर्नलला वाटलं सगळे झोपले, पण एक जण जागा होता.” कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, आतल्या प्रत्येक यंत्राकडून काम करून घेणारा कारभारी. मी म्हटलं, कारभाऱ्याच्या वहीत झोपला लिहिलंय आणि प्रत्यक्षात जागा आहे, हा तर भ्रम झाला! आणि भ्रमाबद्दल बोलायचा मला चाळीस वर्षांचा सराव आहे. (हशा)

पण या विषयाशी माझी ओळख लॅपटॉपच्या आधीची आहे. १९८६चा हिवाळा. रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यायचं होतं आणि लाईट रात्रीची. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना स्टार्टर माहीत आहे : एक हिरवं बटण, एक लाल. त्या पेटीत एक कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते आणि लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबावं लागतं. ज्यानं हे रचलं त्याचा विचार साधा होता. लाईट येईल तेव्हा मोटारीजवळ कोण असेल हे यंत्राला ठाऊक नाही, म्हणून परत येताना यंत्रानं ‘बंद’ या माहीत असलेल्या अवस्थेतूनच सुरुवात करावी.

आपण काय करतो? रात्री दोनला थंडीत कोण उठणार, म्हणून हिरव्या बटणात बाभळीची काडी खोचून ठेवतो. हल्ली काडीच्या जागी ‘ऑटो’ बसवतात, काम तेच. माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला बप्पा म्हणतो, त्या रात्री लाईट गेल्यावर पंपाच्या ग्लँडमधून गळणारं पाणी बंद करायला बसला. बल्ब विझलेला, मोटार गप्प. त्यानं हात घातला आणि लाईट आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बप्पा काही अडाणी नव्हता. त्यानं पाहिलं ते खरंच होतं, मोटार बंद होती. पण ती बंद होती, बंद केलेली नव्हती. आजचं सगळं व्याख्यान या एका फरकावर आहे.

आता संगणकाकडे येतो. सुरुवातीच्या घरगुती संगणकांत हा प्रश्न फारसा नव्हता. भिंतीवरचं बटण दाबलं की सगळं चालू, परत दाबलं की सगळं बंद. बॅटरीवर चालणारे, मांडीवर घ्यायचे संगणक आले आणि काटकसर आली. जे यंत्र वापरात नाही त्याला झोपवा. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून त्यासाठी एक नियमावली काढली, तिचं लघुनाम एपीएम. तिच्यात खरी सत्ता बायोसकडे होती. बायोस म्हणजे संगणक बनवणाऱ्यानं मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरून दिलेला मूळ प्रोग्राम. कोणत्या यंत्राला कधी झोपवायचं ते बायोस ठरवायचा, आणि कर्नलनं साधारण दर सेकंदाला ‘काही नवं घडलं का’ असं त्याला विचारत राहायचं. कर्नलच्या पाठीमागे डिस्क थांबायची, पडदा मालवायचा. घर एकाचं आणि किल्ल्या दुसऱ्याकडे, असा तो संसार होता.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी दुसरी नियमावली आणली, एसीपीआय. तिनं सत्ता उलटी केली. निर्णय कार्यप्रणालीनं घ्यायचे आणि बनवणाऱ्यानं फक्त कोष्टकं द्यायची. कोणतं यंत्र कुठे आहे, त्याला जागं कसं करायचं, झोपवायचं कसं, याच्या छोट्या छोट्या कृती त्या कोष्टकांत लिहिलेल्या असतात आणि कर्नल त्या वाचून अंमलात आणतो. याच नियमावलीनं यंत्राच्या अवस्थांना नावं दिली : डी-शून्य म्हणजे पूर्ण जागं, डी-एक आणि डी-दोन म्हणजे पेंगणं, डी-तीन म्हणजे झोप. पुढे या झोपेचेही दोन प्रकार झाले, डी-तीन-हॉट आणि डी-तीन-कोल्ड. हॉटमध्ये यंत्र झोपलेलं असतं, पण त्याच्यापर्यंत वीज पोचत असते, हाक मारली तर ओ देतं. कोल्डमध्ये वीजच काढून घेतलेली असते.

हॉट आणि कोल्ड हे शब्द आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. परळीच्या थर्मलमध्ये १९७१ साली ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे आले. तिथे काम केलेले इथे बसले असतील, चुकलो तर टोका. औष्णिक संच बंद झाल्यावर पुन्हा सुरू करणं हे बंद होऊन किती वेळ झाला त्यावर ठरतं. १० तासांच्या आत असेल तर तो हॉट स्टार्ट, १० ते ७२ तासांत वॉर्म, आणि ७२ तासांच्या पुढे कोल्ड. टर्बाइनचं धातू किती थंड झालंय त्यावर हे सगळं अवलंबून. एकदम तापवलं तर धातू वाकतं, म्हणून कोल्ड स्टार्टला फार वेळ जातो आणि आधी बरंच तेल जाळावं लागतं. म्हणजे मुंबईजवळ ऐरोलीला बसलेल्या भार प्रेषण केंद्राच्या पडद्यावर ‘परळी : बंद’ एवढीच नोंद असून भागत नाही. कसला बंद? मागणी नाही म्हणून थांबवलेला, दुरुस्तीसाठी उघडलेला, की २०१५च्या दुष्काळात झाला तसा पाणीच नाही म्हणून बंद? पहिल्याला फोन केला तर तो काही तासांत येईल. शेवटच्याला कितीही फोन करा, धरणात पाणी नाही तोवर तो उठत नाही. पडद्यावर तिघांसमोरही शून्यच मेगावॅट.

हाच पेच कर्नलपुढे आला. संगणकात कार्डं जोडायची जी प्रमाण पद्धत आहे, पीसीआय, तिची शक्तिव्यवस्थापनाची नियमावली १९९७ मध्ये आली. प्रत्येक यंत्रात एक छोटी नोंदवही, रजिस्टर, दिलं गेलं आणि त्यातल्या दोन बिटांत अवस्था लिहायची ठरली. दोन बिटांत किती अवस्था मावतात? चार. डी-शून्य, एक, दोन आणि तीन-हॉट. तीन-कोल्डला जागाच नाही, आणि ती असूही शकत नाही. कारण ज्याची वीज काढून घेतली तो ‘माझी वीज काढून घेतली आहे’ असं सांगणार कसा? मेलेला माणूस स्वतःच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करत नाही.

मग त्या यंत्राचं रजिस्टर वाचायला गेलं तर काय मिळतं? हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. शून्य मिळत नाही. सगळे एकच-एक मिळतात. पलीकडून कुणी उत्तर दिलं नाही की वाचणाऱ्याच्या हाती सगळे एक पडतात. म्हणजे संपूर्ण अभाव हा दिसायला संपूर्ण भरलेला दिसतो. आणि ज्या कोडनं हे तपासलं नाही ते त्या एकांचा अर्थ लावत बसतं, तापमान अमुक, अवस्था तमुक, सगळं खोटं. आज लिनक्सच्या पीसीआय भागात यासाठी वेगळी तपासणी आहे. रजिस्टरमधून सगळे एक आले तर तो आकडा मानायचा नाही, यंत्राची अवस्था तीन-कोल्ड धरायची.

आमच्या शास्त्रात यावर मोठा वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच, अभावही प्रत्यक्षच दिसतो. कुमारिल भट्ट म्हणतो, नाही, त्यासाठी वेगळं प्रमाण मानायला हवं, अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. पण दोघेही एक अट घालतात आणि ती अट इथे सोन्यासारखी आहे. न आढळणं तेव्हाच पुरावा ठरतं, जेव्हा वस्तू असती तर ती आढळलीच असती. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. आता संगणकातली यंत्रं एकमेकांना फांद्यांसारखी जोडलेली असतात. कार्ड असतं पुलाच्या पलीकडे, आणि तो पूलही झोपू शकतो. पूल झोपलेला असेल तर पलीकडचं कार्ड कसंही असो, वाचणाऱ्याला सगळे एकच मिळणार. तेव्हा कार्डाबद्दल निष्कर्ष काढायच्या आधी पूल जागा आहे का ते बघावं लागतं. वर्गात मी अंधार आणि घडा हेच उदाहरण चाळीस वर्षं घासलं. हे तेव्हा माहीत असतं तर पोरं जास्त जागी राहिली असती.

या फांद्यांची नोंद ठेवायचं काम लिनक्सनं कधी केलं? लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नलमध्ये यंत्रांचा एकसंध वृक्ष आला तो २.६ या आवृत्तीत, डिसेंबर २००३ला. पॅट्रिक मोकेल यांनी तो रचला. त्यामागचं एक मोठं कारण शक्तिव्यवस्थापनच होतं. झोपवताना आधी मुलं, मग आईबाप. उठवताना उलट. हे क्रमानं करायचं तर कोण कुणाच्या पोटी आहे ते एका जागी लिहिलेलं हवं. तोवर प्रत्येक ड्रायव्हर आपापली वंशावळ डोक्यात घेऊन फिरत होता.

पण वृक्ष झाला तरी पानांवरची नोंद खरी कशावरून? जुन्या कोडमध्ये कर्नल यंत्राच्या रजिस्टरमध्ये ‘जागा हो’ असं लिहायचा आणि लगेच आपल्या वहीत ‘जागा’ अशी नोंद करून मोकळा व्हायचा. सांगितलं म्हणजे झालं. आपल्याकडच्या कितीतरी शासकीय अहवालांची हीच रीत आहे, आदेश निघाला की काम पूर्ण दाखवायचं. प्रत्यक्षात तीन-हॉटमधून उठायला यंत्राला १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ द्यावा लागतो, आणि काही यंत्रं मुळीच उठत नाहीत. पुढे दुरुस्ती झाली ती अशी : लिहा, थांबा, परत वाचा, आणि जे वाचलं ते वहीत चढवा. वाचलेलं मागितलेल्याशी जुळलं नाही, तर कर्नल नोंद करतो की या यंत्रानं अवस्था बदलायला नकार दिला, ते अजून अमुक अवस्थेत आहे. लिनक्स वापरणाऱ्यांनी ही तक्रार पडद्यावर पाहिली असेल. लोक ती पाहून घाबरतात. मला उलट ती वाचून बरं वाटतं, कारण आधीच्या काळात नकार यायचाच, कुणी लिहून घेत नव्हतं एवढंच.

यानंतरचं मोठं नाव पोलंडचे राफाउ व्हिसोत्स्की. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या २.६.३२ या आवृत्तीत त्यांनी बांधलेली चौकट दाखल झाली. तोवर मुख्य विचार सगळा संगणक एकदम झोपवायचा होता. ही चौकट म्हणते, संगणक चालू असतानाच ज्या यंत्राचं काम नाही ते एकटं झोपू दे. त्यासाठी प्रत्येक यंत्रामागे एक मोजणी ठेवली. कुणाला यंत्र हवं असेल तर मोजणी एकनं वाढवा, काम झालं की एकनं कमी करा, शून्यावर आली की यंत्र झोपायला मोकळं.

हे समजायला सामाईक विहीर डोळ्यांपुढे आणा. चार भावांची एक विहीर, एक मोटार. मोटार कुणी बंद करायची? शेवटच्यानं. पण शेवटचा कोण हे कळायचं तर प्रत्येकानं ‘माझं झालं’ हे सांगितलं पाहिजे. एक जण न सांगता घरी गेला की मोटार रात्रभर चालते. उलट एकानं दोनदा सांगितलं, तर दुसऱ्याचं पाणी अर्ध्या वाफ्यात बंद पडतं. भावकीतली भांडणं याच्यावरच होतात आणि कर्नलमधलीही. त्यातली एक खोच मजेशीर आहे. यंत्राला उठवायची जी नेहमीची हाक होती, ती अयशस्वी झाली, यंत्र उठलंच नाही, तरी मोजणी मात्र वाढलेली राहायची. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला वाटायचं, काम झालं नाही म्हणजे मोजणीही वाढली नसेल, आणि तो तसाच परत फिरायचा. ती वाढलेली एकची मोजणी कायमची राहून जायची. अशा चुका ड्रायव्हरांमध्ये जागोजागी सापडल्या. शेवटी २०२०च्या अखेरीस एक नवी हाक तयार केली गेली, जी अपयश आलं तर मोजणी स्वतःच मागे घेते. अकरा वर्षं लोक एकाच दगडाला ठेचकाळत होते.

याच चौकटीच्या दस्तऐवजात एक कबुली आहे. सुरुवातीला प्रत्येक यंत्राची नोंद ‘झोपलेलं’ अशी असते, पण ती प्रत्यक्ष स्थितीशी जुळेलच असं नाही. यंत्र जागं असेल तर ड्रायव्हरनं तसं आधी सांगावं आणि मगच व्यवस्था सुरू करावी. मी नातीला विचारलं, मग खरं काय ते यंत्रालाच का विचारत नाहीत? ती हसली. म्हणाली, विचारायची सोय असेल तर विचारतात, पण सगळ्यांत ती नसते.

एसीपीआयच्या कोष्टकांत ‘आत्ता कोणत्या अवस्थेत आहेस’ हा प्रश्न विचारायची एक कृती असते, पण ती प्रत्येक यंत्राला दिलेली नसते. ती नसेल तर त्या यंत्राला वीज पुरवणाऱ्या फाट्यांकडे बघून अनुमान करायचं. फाटा चालू, म्हणजे यंत्र जागं असावं. धूर, म्हणजे अग्नी. पण फाटा सामाईक असला तर? शेजारच्या यंत्रासाठी तो चालू असेल आणि आपलं झोपलेलं असेल. तिथे हेतू फसतो. यातून कर्नलच्या यादीत एक जास्तीची अवस्था आली, तिचं नाव ‘अज्ञात’. पीसीआयच्या बाजूलाही ती आहे, तीन-कोल्डनंतरच्या पुढच्या क्रमांकावर. यंत्र कधीच ‘अज्ञात’ नसतं, ते कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असतंच. ‘अज्ञात’ ही बघणाऱ्याची अवस्था आहे, आणि ती यंत्राच्या अवस्थांच्या रांगेत बसवली आहे. तर्काच्या दृष्टीनं ही गफलत म्हणता येईल. पण गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजले आहेत, आणि प्रमाण व प्रमेय झाल्यावर तिसराच पदार्थ आहे संशय. संशयाला नाव दिलं नाही तर चौकशी सुरूच होत नाही, असं त्याला वाटलं असावं.

प्रश्नाची कृतीही नाही आणि फाटाही नाही, अशा यंत्राचं काय करतात? कर्नल ते जागं आहे असं धरून चालतो. तिथे कोड लिहिणाऱ्यानं सोबत टीप ठेवली आहे. तिचा आशय असा, की देवाचं नाव घेऊन जागं धरतो, बायोसनं तसंच सोडलं असेल अशी आशा आहे. आम्ही आधी यंत्राला जबरदस्तीनं उठवून पाहिलं होतं, पण त्यानं तोशिबाचा एक लॅपटॉप वाईट रीतीनं बिघडला. ज्या तीन कंपन्यांनी १९९६ साली नियमावली लिहिली त्यातली एक तोशिबा, हे आठवलं की गंमत वाटते. पण त्या टिपेकडे मी गंमत म्हणून बघत नाही. पुढच्या माणसानं तोच सोपा उपाय पुन्हा करू नये म्हणून आपली फसलेली वाट लिहून ठेवायची, हा सज्जनपणा आमच्या टीकाग्रंथांतही कमीच दिसतो.

थोडं विजेच्या खांबावरच्या वायरमनबद्दल बोलून थांबतो. लाईन बंद केल्याचा परमिट हातात आल्याशिवाय त्यानं खांबावर चढू नये असा नियम आहे. पण जाणता वायरमन त्या कागदावर थांबत नाही. तो लाईन टेस्ट करतो आणि मग तारांना अर्थ करतो. कारण उपकेंद्रातून लाईन बंद असली तरी गावातल्या कुणाच्या जनरेटरमधून उलटी वीज येऊ शकते. कागद सांगतो की बंद केली. टेस्टर सांगतो की आत्ता बंद आहे. अर्थिंग करतं ते तिसरंच काम, पुढच्या तासाभरात कुणी चालू केली तरी तुझ्या अंगावर येणार नाही. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्या राज्यात वायरमन मरतात ते बहुतेक यातली एखादी गाळल्यामुळे. पोराला भेटायला घरी जायचं असतं, अंधार पडत आलेला असतो, खाली लोक ओरडत असतात, लवकर कर.

बप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मोटार सबमर्सिबल आहे, स्टार्टरला ऑटो आहे, तो काही काढला नाही त्यानं, रात्रीची लाईट अजून तशीच येते. पण पेटीकडे हात न्यायचा असेल तर तो आधी तिन्ही किटकॅट उपसतो आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकतो. मुलगा म्हणतो, नाना, मी बटण बंद केलंय. हा ऐकत नाही, खिसा चाचपून बघतो.

प्रश्न असतील तर विचारा. परळीचे कुणी आले असतील तर त्यांनी आधी.